अमेरिकेत पहिलाच ऑक्टोबर? मग आधी भोपळा ओळखा

सप्टेंबर संपत आला की इथे प्रत्येक ग्रोसरी स्टोअरच्या दारात केशरी भोपळ्यांचे ढीग लागतात, आणि नुकत्याच आलेल्या आपल्या माणसाच्या मनात पहिल्यांदा काय येतं तर घारगे. माझ्याही तेच आलं होतं. आम्ही इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टन-नॉर्मलला राहायला आलो त्या पहिल्या ऑक्टोबरात मी ढिगातला सगळ्यात मोठा, सगळ्यात तकतकीत भोपळा उचलून आणला, किसला, गूळ घातला, गॅसवर चढवला आणि अर्धा तास झाला तरी पातेल्यात नुसतं पाणीच पाणी, त्यात दोऱ्यासारखे धागे, आणि चव म्हणाल तर काहीच नाही. शेवटी वर दोन वाट्या जास्तीची कणीक ढकलून कसेबसे तळले, मुलांनी एकेक खाऊन बशी बाजूला सरकवली. खूप वाईट वाटलं होतं तेव्हा. कृती आईचीच होती, अगदी बरोबर होती, भोपळा चुकीचा होता. म्हणून हॅलोविनसाठी (मुलं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात तो सण) भोपळ्यावर चेहरा कोरणं असो, रंगवणं असो की बेकिंग, सुरुवात भोपळा ओळखण्यापासून करा, बाकी सगळं त्यानंतर सोपं आहे.

कुठला भोपळा कशासाठी

बाहेर ढिगात असतात ते मोठे केशरी म्हणजे कोरायचे भोपळे. त्यातली हाउडन नावाची जात खूप चालते, ती मॅसॅच्युसेट्समधल्या एका शेतकऱ्याने तयार केली आणि मुद्दाम आकार, रंग आणि मजबूत देठ बघूनच वाढवली. खाल्ला तर अपाय नाही, पण गर पाणचट आणि धागेदार. हा भोपळा अंगणासाठी, पातेल्यासाठी नाही.

दुसरे छोटे, गोल, दोन ते पाच पौंडांचे, त्यांच्यावर पाय पंपकिन किंवा शुगर पंपकिन अशी चिठ्ठी असते (पाय म्हणजे पिठाच्या कवचात गोड सारण भरून भाजतात तो पदार्थ). बरेचदा हे आत भाजी विभागात ठेवलेले असतात. बेकिंगला हे घ्या.

तिसरा आपल्या लोकांच्या लक्षातच येत नाही, तो बटरनट स्क्वॉश. बाहेरून फिकट बदामी, लांबट, खाली फुगीर, आत मात्र गर्द केशरी आणि गोड. वनस्पतीशास्त्रात याची प्रजाती मोस्काटा, आणि आपल्याकडे बाजारात फोडी करून विकतात तो लाल भोपळासुद्धा बहुतेक याच प्रजातीतला. म्हणजे सांगलीला ज्याला आम्ही तांबडा भोपळा म्हणायचो आणि माझ्या अकोल्याच्या सासरी ज्याला कोहळं म्हणतात, त्याचा इथला सख्खा भाऊ हा केशरी गोल भोपळा नाहीच, बटरनट आहे. घारगे, भरीत, वऱ्हाडी बाकर भाजी सगळं यातच करा.

आणि गंमत सांगते, पंपकिन पायसाठी जो डब्यातला गर विकतात तोही केशरी भोपळ्याचा नसतो. आमच्यापासून अर्ध्या तासावर, पिओरियाच्या शेजारी मॉर्टन म्हणून छोटं गाव आहे, तिथे लिबीज कंपनीचा कारखाना आहे आणि अमेरिकेतला बहुतांश डबाबंद भोपळा या एकाच भागातून येतो. गाव स्वतःला जगाची भोपळ्याची राजधानी म्हणवतं, दर सप्टेंबरात तिथे भोपळ्याची जत्रा भरते. त्या कारखान्याला लागणारा डिकिन्सन जातीचा भोपळा बदामी सालीचा, लांबोडा असतो, आणि तोही मोस्काटाच. पहिल्यांदा शेतात पाहिला तेव्हा मी गाडी थांबवून बघत बसले होते, हुबेहूब आठवडी बाजारातला.

राहिले ते तळहाताएवढे मिनी भोपळे आणि गाठीगाठींचे, पट्ट्यापट्ट्यांचे शोभेचे गोर्ड. गोर्ड फक्त शोभेलाच, खाऊ नका, त्यात कडू द्रव्य असतं. आपण कडू दुधी टाकून देतो ना, तेच कारण. कुठलाही भोपळा कापल्यावर जरा कच्चा तुकडा जिभेला लावून बघा, कडू लागला तर सरळ टाका, शिजवून कडूपणा जात नाही.

घेताना देठ हिरवट आणि घट्ट हवा, साल नखाने सहज टोचली जाऊ नये, बूड सपाट हवं, आणि भोपळा उलटा करून बुडाशी अंगठा दाबून बघा, मऊ लागलं की समजा आतून सडायला लागलाय. देठाला धरून कधीच उचलू नका, देठ तुटला की तिथून पाणी शिरतं आणि आठवडाभरात भोपळा बसतो.

कोरायचा भोपळा

हॅलोविन ३१ ऑक्टोबरला. नवीन माणसाची ठरलेली चूक म्हणजे उत्साहात १५ तारखेलाच कोरून ठेवणं. कोरलेला भोपळा साधारण पाच-सात दिवस टिकतो, हवा उबदार असली तर त्याहूनही कमी, मग आतून काळी बुरशी धरते आणि चेहरा बोळक्या म्हाताऱ्यासारखा आत ओढला जातो. अख्खा भोपळा मात्र सावलीत महिनाभर आरामात राहतो. म्हणून आणा लवकर, पण कोरा २८-२९ तारखेला.

आयर्लंडमध्ये लोक सलगम आणि तत्सम कंद कोरून आत निखारा किंवा मेणबत्ती ठेवायचे, तिथली माणसं एकोणिसाव्या शतकात मोठ्या संख्येने इकडे आली तेव्हा त्यांना सलगमापेक्षा कितीतरी मोठा, मऊ भोपळा मिळाला आणि ही पद्धत त्यावर आली. नावही तिकडच्याच लोककथेतलं, जॅक नावाचा एक लबाड माणूस, ज्याला ना स्वर्गात जागा ना नरकात, तो कंदील घेऊन भटकत राहतो, म्हणून जॅक-ओ-लँटर्न. मुलांना कोरताना ही गोष्ट सांगा, आणि मग म्हातारी भोपळ्यात बसून लेकीकडून परत येते ती आपलीही सांगा, आमच्याकडे दोन्ही लागतात.

आता करायचं कसं. टेबलावर जुनी वर्तमानपत्रं किंवा कार्डबोर्ड पसरा. भोपळा पुसून कोरडा करा, ओला असला तर हातातून सटकतो. दुकानात पाच-सहा डॉलरला कोरायचा किट मिळतो, त्यात बारीक दातांची छोटी करवत असते, ती घ्याच. स्वयंपाकघरातला धारदार चाकू यासाठी वापरू नका, तो जाड सालीत अडकतो, आपण जोर लावतो आणि निसटला की थेट हातावर येतो. मुलांनी चेहरा काढायचा, करवत मोठ्यांनी चालवायची, आमच्या घरात हा नियम आजही आहे. (माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्या म्हणाल्या, अख्खं कोहळं बाईने पहिल्यांदा फोडू नये, आधी पुरुषाने चाकू लावावा. तशी पद्धत त्यांच्याकडे आहे, मग पहिला काप त्यांच्या मुलानेच दिला आणि पुढचं सगळं त्यांनी स्वतः कोरलं, नातवंडांबरोबर तासभर खाली मांडी घालून.)

वरून झाकण कापायचं असं सगळ्या चित्रांत दिसतं, पण मी बुडातून कापते. बूड काढून टाकलं की भोपळा दिव्यावर नुसता पालथा ठेवता येतो, देठ शाबूत राहतो, आणि वरचं झाकण सुकून आत पडायची भानगड नाही. झाकणच हवं असेल तर करवत तिरकी, आतल्या बाजूला झुकवून धरा, म्हणजे झाकण गाजराच्या टोकासारखं निमुळतं होतं आणि आत घसरत नाही.

मग आतले धागे आणि बिया काढा. हे काम मुलांना फार आवडतं, हात कोपरापर्यंत आत. बिया एका भांड्यात वेगळ्या ठेवा, टाकू नका, पुढे लागणारेत. धागे निघाले की स्टीलच्या जाड डावाने आतून खरवडत राहा, आणि ज्या बाजूला चेहरा येणार आहे तिथली भिंत साधारण एक इंचावर आणा. नवीन माणसं इथेच कंटाळा करतात आणि मग करवत चालत नाही, डोळे वेडेवाकडे होतात. खरवडायला वीस मिनिटं द्या, कोरणं दहा मिनिटांत होईल.

चेहरा ड्राय इरेज मार्करने काढा, चुकला तर बोटाने पुसता येतो. पहिल्या वर्षी त्रिकोणी डोळे, त्रिकोणी नाक आणि दोन-तीन दात एवढंच ठेवा. कापताना आधी बारीक गोष्टी, म्हणजे डोळे-नाक, आणि मोठं तोंड शेवटी, कारण मोठं भोक पडलं की आजूबाजूची भिंत कमजोर होते. दाताला किमान एक इंच जाडी हवी, बारीक दात दोन दिवसांत वाळून आत वळतात. कापलेला तुकडा बाहेरून ओढू नका, आत हात घालून बोटाने हळूच बाहेर ढकला.

शेवटी एक गॅलन पाण्यात एक टीस्पून ब्लीच घालून ते आतून-बाहेरून फवारा, वाळू द्या, आणि कापलेल्या कडांना व्हॅसलिन चोळा, त्याने कडा सुकत नाहीत. आत मेणबत्तीऐवजी सेलवरचा दिवा ठेवा. त्या रात्री दारात लहान मुलं लांब झगे घालून येतात, तो कपडा नायलॉन-पॉलिएस्टरचा असतो, पायाशी ज्योत नकोच. दोन दिवसांत भोपळा मलूल दिसला तर रात्रभर बादलीत थंड पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी बराच ताठ होतो.

लहान मुलांसाठी, न कापता

पाच वर्षांखालच्या मुलांना कोरण्यात काही करता येत नाही, ती नुसती शेजारी उभी राहून रडवेली होतात. त्यांना मिनी भोपळे द्या आणि ॲक्रिलिक रंग. भोपळा साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, सालीवर मेणासारखा थर असतो तो गेला नाही तर रंग पापुद्र्यासारखा निघतो. आमच्याकडे दरवर्षी एकदोन भोपळ्यांवर पांढऱ्या रंगाने वारली काढतो, केशरी सालीवर पांढरी माणसं, तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती फेर, इतकं उठून दिसतं की शेजारची अमेरिकन मुलं येऊन शिकून गेली. त्रिकोण आणि गोलच असल्यामुळे लहान हातांनाही जमतं. कुणाला रांगोळी येत असेल तर ठिपके घालून कमळ काढा. न कापल्यामुळे हे भोपळे थेट थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारपर्यंत टिकतात, आणि मधे दिवाळी येतेच. २०२४ ला तर ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती, तेव्हा आमच्या पायरीवर एका बाजूला जॅक आणि दुसऱ्या बाजूला वारलीचा भोपळा, मधे पणत्या.

कागदाचा भोपळा अजून सोपा. केशरी कार्डपेपरच्या एक इंच रुंदीच्या आठ पट्ट्या कापा, सगळ्या एकावर एक ठेवून दोन्ही टोकांना भोक पाडा, दोन पायांची पितळी पिन घालून टोकं जोडा आणि पट्ट्या पंख्यासारख्या गोल फिरवत पसरवा. वर हिरवा कागद गुंडाळून देठ. आकाशकंदील केलेल्या हाताला हे पाच मिनिटांचं काम.

एक गोष्ट आवर्जून. कुणाच्या दारात निळसर-हिरवा रंगवलेला भोपळा दिसला तर त्याचा अर्थ असतो की या घरी खाऊशिवाय दुसरंही काहीतरी मिळेल, पेन्सिल, स्टिकर, चेंडू वगैरे. दाणे, दूध, अंडं यांची ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी २०१४ पासून ही पद्धत देशभर पसरली. आपल्या मुलाला दाण्याची ॲलर्जी असेल तर ती घरं शोधा, नसेल तर आपला एक भोपळा त्या रंगाचा करा, शेंगदाण्याची चिक्की आपण सहज हातावर ठेवतो, इथे विचारल्याशिवाय ठेवू नका.

गर आणि मसाला

बेकिंगची अर्धी लढाई गरात आहे. पाय पंपकिन उभा अर्धा करा, बिया काढा, तेलाचा हात लावून कापलेली बाजू खाली करून ट्रेमध्ये ठेवा, ४०० फॅरनहाइटला, म्हणजे साधारण २०० सेल्सिअसला, पाऊण ते एक तास. सालीत सुरी लोण्यासारखी गेली पाहिजे. गार झाल्यावर चमच्याने गर काढून मिक्सरमधून फिरवा. आणि आता महत्त्वाचं, तो गर मलमलच्या फडक्यात बांधून चक्क्यासारखा तासभर टांगून ठेवा. पाणी निथळलं नाही तर ब्रेड मधे चिकट राहतो आणि पाय बसतो. तीनेक पौंडांच्या भोपळ्यात एका पायपुरता गर निघतो.

वेळ नसेल तर डबा आणायला काहीच हरकत नाही, मी स्वतः अर्ध्याहून जास्त वेळा तोच वापरते. फक्त लेबल नीट वाचा. शंभर टक्के पंपकिन लिहिलेला हवा, त्यात नुसता गर असतो. शेजारीच तशाच रंगाचा पाय मिक्सचा डबा असतो, त्यात साखर आणि मसाला आधीच घातलेला असतो, तो घेतलात तर सगळी मापं चुकतात. १५ औंसाच्या डब्यात पावणेदोन कप गर येतो.

पंपकिन स्पाइसची बाटली नका घेऊ. मॅकॉर्मिक कंपनीने १९३४ ला हा तयार मसाला बाजारात आणला, २००३ ला स्टारबक्सने त्याची कॉफी काढली आणि आता ऑक्टोबरात साबणापासून मेणबत्तीपर्यंत सगळ्याला तोच वास असतो, पण आत आहे काय, तर दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग, आणि बहुतेक वेळा ऑलस्पाइस. चार भाग दालचिनी, दोन भाग सुंठ, एक भाग जायफळ, अर्धा भाग लवंग, ताजं कुटून. मिसळणाच्या डब्याशेजारीच सगळं असतं आपल्याकडे, आणि ताज्या जायफळाचा वास बाटलीला कधीच येत नाही.

पंपकिन ब्रेड, पहिल्यांदा हाच करा

नाव ब्रेड असलं तरी हा केकच आहे, यीस्ट नाही, मळणं नाही, बिघडणं अवघड. ओव्हन ३५० फॅरनहाइटला (१७५ सेल्सिअस) आधी तापवा. एका भांड्यात पावणेदोन कप मैदा, एक टीस्पून बेकिंग सोडा, अर्धा टीस्पून मीठ आणि वरचा मसाला दोन टीस्पून. दुसऱ्या भांड्यात एक कप गर, दोन अंडी, अर्धा कप तेल, एक कप ब्राउन शुगर आणि पाव कप पाणी फेटा. इथल्या कृतींमध्ये साखर दीड कपापर्यंत असते, आपल्या जिभेला ती फार होते. ओलं कोरड्यात घाला आणि पीठ दिसेनासं होईपर्यंतच हलवा, त्यापुढे एक फेराही नको, जास्त घोटलं की ब्रेड चिवट होतो. वर मूठभर अक्रोड. ९ बाय ५ च्या लोफ टिनला तूप लावून ओता, ५५ ते ६५ मिनिटं. पन्नास मिनिटांनी मधोमध टूथपिक घालून बघा, वरून लाल दिसायला लागला आणि आत कच्चा असेल तर फॉइल नुसता झाकून पुढे चालू ठेवा. अंडं नको असेल तर अर्धा कप घट्ट दही आणि अर्धा टीस्पून बेकिंग पावडर, आणि मग पाणी घालू नका. दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो.

पायचं थोडक्यात सांगते, कारण पहिल्या वर्षी तयार कवच आणणंच शहाणपणाचं. एक डबा गर, १२ औंसाचा साखर नसलेल्या आटीव दुधाचा डबा (कंडेन्स्ड मिल्क नव्हे, ते गोड असतं, ही चूक खूप जण करतात), दोन अंडी, पाऊण कप साखर, अर्धा टीस्पून मीठ, पावणेदोन टीस्पून मसाला, सगळं फेटून कवचात ओता. ४२५ ला १५ मिनिटं, मग आच उतरवून ३५० ला ४० ते ५० मिनिटं. कडा घट्ट आणि मधला रुपयाएवढा भाग अजून खरवसासारखा हलतोय, तेव्हाच बाहेर काढा, पूर्ण घट्ट होईपर्यंत थांबलात तर वर भेगा पडतात. दोन तास गार होऊ द्या, तोपर्यंत सुरी लावायची नाही.

आणि घारगे

बटरनट सोलून किसा, दोन कप किसाला एक कप चिरलेला गूळ. किस आधी चमचाभर तुपावर नुसता परता, त्याचं पाणी आटू द्या, मग गूळ, तो विरघळला की गॅस बंद. कोमट झाल्यावर चिमूटभर मीठ, वेलदोडा किंवा जायफळ, दोन चमचे तांदळाचं पीठ आणि मावेल तेवढीच कणीक. पाण्याचा थेंबही नाही. अर्धा तास झाकून ठेवा, प्लास्टिकवर तेलाचा हात लावून पुरीपेक्षा जाड थापा, वर खसखस दाबा, मध्यम आचेवर तळा. मोठी आच ठेवली की गुळामुळे बाहेरून काळे आणि आत कच्चे राहतात. डब्यातल्या गराचेही होतात, फक्त गर कढईत परतून गोळा होईपर्यंत सुकवून घ्यायचा. मुलीच्या वर्गात पंपकिन ब्रेडच्या जोडीला मी हे पाठवले होते, तीस घारग्यांचा डबा रिकामा परत आला आणि बाईंनी कृती मागितली.

बिया राहिल्या. धुऊन मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळा, फडक्यावर कोरड्या करा, तेल, तिखट, हळद, जिरेपूड लावून ३५० ला १५-२० मिनिटं भाजा, मधे एकदा हलवा. तडतडायला लागल्या की झाल्या.

नोव्हेंबर उजाडला की कोरलेला भोपळा कचऱ्याच्या पिशवीत घालू नका, कंपोस्टला द्या, बऱ्याच गावांत हॅलोविननंतरच्या आठवड्यात भोपळे गोळा करतात. रंग किंवा ब्लीच लावलेला भोपळा खारींसाठी-हरणांसाठी मात्र बाहेर टाकू नका.

बटरनटच्या दहा-बारा बिया धुऊन वाळवून कागदाच्या पाकिटात ठेवा. मेच्या अखेरीस, थंडी पूर्ण गेली आणि माती हाताला ऊबदार लागली की इंचभर खोल लावा, फळ यायला साधारण शंभर-एकशेदहा दिवस लागतात, अगदी विकत आणल्यासारखंच येईल असं नाही, तेव्हा कापल्यावर जिभेला लावून बघायला विसरू नका. वेल दहा-बारा फूट पसरतो, कुंपणाच्या कडेला जागा द्या. जुलैत फुलं यायला लागली की ज्यांच्या खाली छोटा भोपळा नाही ती नराची फुलं, त्यातली दोनचार परागासाठी ठेवून बाकीची सकाळी लवकर तोडा आणि बेसनात बुडवून भजी करा.